चाबी कोणापाशी राहते? : वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

मागच्या अंकात व्यसनमुक्तीच्या गटांवर दोन पानं छापली आणि पत्रांचा नि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा ढीगच लागला. मला वाटलं होतं लोक विचारतील दारू सुटते कशी, गोळी कोणती, पण बहुतेक पत्रं निघाली ती ज्यांची सुटलीय आणि जे आता गटात एकमेकांशी भांडून राहिलेत अशांची. चांगलंच आहे म्हणा. पिऊन भांडण्यापेक्षा चहा पिऊन भांडलेलं परवडलं.

ज्यांना ए.ए. म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालं, एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के बेवडे, एकमेकांशी बोलून बोलून सोबर, म्हणजे न पिता, राहिले आणि मग तिसऱ्याला शोधायला निघाले. इथं फी नाही, डॉक्टर नाही, अध्यक्ष नाही. बारा पायऱ्या माणसासाठी आणि बारा परंपरा गटासाठी. आजची उत्तरं बरीचशी या परंपरांमधूनच येतात. मी स्वतः मेंबर आहे म्हणून खाली नाव टाकत नाही, संपादकांना माहीत आहे तेवढं पुरे. पत्रं जशी आली तशीच, फक्त लांबी कापून.

"आमच्या ग्रुपचे गुर्जी रिटायर मास्तर हायेत. ग्रुप त्यायनंच काढला. समाजमंदिराची चाबी त्यायच्यापाशी, चहाचे पैसे त्यायच्यापाशी, आज कोण बोलन थे बी तेच सांगतेत. माणूस देव हाय, माही दारू त्यायच्यामुळंच सुटली. पण ते लग्नाले गेले का मिटिंग बंद. आता त्यायले कोण म्हणन का गुर्जी, चाबी द्या?" (दारव्हा तालुका)

तुम्हीच म्हणायचं भाऊ. ज्याची त्यांच्यामुळं सुटली त्याचंच ते ऐकतील, दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्यांना वाटेल हा चाबीवर टपून आहे.

आधी गुरुजींच्या बाजूनं बोलतो. प्रत्येक गट असाच सुरू होतो, कोणीतरी एक येडा माणूस असतो जो पावसात जाऊन कुलूप उघडतो, कोणी आलं नाही तरी तास-दीड तास एकटा बसतो, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जातो. तो नसता तर आज तुमच्याकडं भांडायला गटच नसता. म्हणून त्यांना "हुकूमशाही चालवता" वगैरे कोणी म्हणू नका, ते खोटं आहे आणि शिवाय दुखणारं आहे.

पण चाबी फिरली पाहिजे, आणि याचं कारण गुरुजींवर संशय हे नाही. बारावी पायरी काय सांगते, की दुसऱ्या दारुड्यासाठी काही केलं की स्वतःचं सोबर राहणं पक्कं होतं. आता गटात चौदा जण असतील आणि कुलूप उघडणं, सतरंजी टाकणं, चहा ठेवणं, हिशोब लिहिणं, नवीन आलेल्याला बसवून घेणं हे सगळं एकच माणूस करत असेल तर बाकीच्या तेरा जणांना काय मिळालं? ते येतात, ऐकतात, चहा पितात, जातात. तीन महिन्यांनी त्यातले चार यायचे बंद होतात आणि आपण म्हणतो त्यांची इच्छाच नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिता माणूस देव आहे. मग त्या देवाला एखाद्या संध्याकाळी प्यावंसं वाटलं तर तो कोणापाशी बोलेल? सगळे त्याच्याकडं पाहून सोबर आहेत म्हटल्यावर तो तोंड उघडणारच नाही. बारा-पंधरा वर्षांचे सोबर लोक घसरलेले मी पाहिलेत, त्यातले बरेचसे असेच होते, गटात सगळ्यांचं ऐकायचे आणि स्वतःचं सांगायची सोय त्यांना उरली नव्हती.

ए.ए.मध्ये दुसरी परंपरा म्हणते की आमचे पुढारी म्हणजे विश्वासातले सेवक, ते राज्य करत नाहीत. हे नुसतं लिहून ठेवलं नाही तर ज्यानं लिहिलं त्यानं करून दाखवलं. दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब नोव्हेंबर १९५० मध्ये वारले. बिल डब्ल्यू. यांनी १९५१ पासून गटांनी निवडून पाठवलेल्या प्रतिनिधींची दरवर्षीची परिषद सुरू करून पाहिली, चार वर्षं ती ट्रायलवर चालवली आणि १९५५ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात सगळी जबाबदारी त्या परिषदेच्या हवाली केली. तेव्हा त्यांचं वय ५९, म्हणजे आपल्या गुरुजींपेक्षा लहानच असतील. त्यानंतर पंधरा वर्षांहून जास्त जगले, लिहीत राहिले, पण चाबी परत मागितली नाही.

आता करायचं कसं. गुरुजी गावाला गेले असताना पाठीमागं ठराव बिराव करू नका, तसं केलं तर गट फुटतोच फुटतो. आमच्या भागातल्या एका गटानं काय केलं ते सांगतो. त्यांनी आपल्या जुन्या सेक्रेटरीकडं चाबी मागितलीच नाही. "दादा, एक डुप्लिकेट काढून ठेवू का, तुमची तब्येत असते नसते" एवढंच म्हटलं. स्टँडजवळच्या चाबीवाल्याकडून दुसरी करून आणली. मग हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने पाडले: कुलूप, चहा, खजिनदार, नवीन माणूस, सेक्रेटरी. प्रत्येकापुढं नाव आणि कधीपर्यंत ते. पहिल्याच आठवड्यात कुलूपवाला विसरला, शेतातून आला नाही, सहा-सात जण बाहेर मोबाईलचा टॉर्च लावून उभे. जुने सेक्रेटरी खिशात चाबी असून काढेनात, आणि हे त्यांनी फार मोठं काम केलं असं मी समजतो. मिटिंग ओट्यावर झाली. पुढच्या आठवड्यात कुलूपवाला अर्धा तास आधी हजर.

मुदत सहा महिने किंवा वर्षभर ठेवा. जीएसआर म्हणजे जो तुमच्या गटातर्फे बाहेरच्या सभेला जातो, त्याची दोन वर्षं धरतात, कारण पहिलं वर्ष त्याला काय चाललंय ते कळण्यातच जातं. आणि गुरुजींना मोकळं सोडू नका. ए.ए.च्या लिखाणात जुन्या माणसांच्या दोन तऱ्हा सांगितल्यात, एक जो बाजूला बसतो आणि विचारलं तर सांगतो, दुसरा जो गट बुडाला बुडाला म्हणत गावभर फिरतो. गुरुजी कोणते होतील हे निम्मं तुमच्यावर आहे. जाऊन विचारत राहा त्यांना. आणि त्यांना एकदा शेअरिंगला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, लावा, आयोजक म्हणून नाही, मेंबर म्हणून.

"आमच्या इकडल्या एका पुढाऱ्यानं गटाले ५१ हजार आन पन्नास खुर्च्या देतो म्हटलं. आमी सतरंजीवर बसतो, अर्ध्यायचे गुडघे गेले. काही म्हणतेत घ्या, काही म्हणतेत नोको. इलेक्शन जवळ हाय. तुमी सांगा." (आर्वी तालुका)

नका घेऊ.

गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे, त्याच्यावर येतो. पण आधी खुर्च्या कशा येतील ते डोळ्यासमोर आणा. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या पेंटनं "सौजन्य" आणि पुढं नाव. एक दिवस टेम्पोतून उतरतील, फोटो निघेल, फोटोत तुम्ही. मग त्या गावातला दुसऱ्या पार्टीचा जो दारुडा आहे, ज्याला खरी गरज आहे, तो त्या खुर्चीवर येऊन बसेल का? आणि निकालानंतर पुढारी पडले आणि खुर्च्या परत न्यायला माणसं आली तर काय करता? हसू नका, होते असं.

सातवी परंपरा सरळ आहे, गटानं आपला खर्च आपणच करायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. हे गरिबीतून शहाणे झालेल्या लोकांनी लिहिलंय. १९३८ च्या सुमारास हे लोक रॉकफेलरकडं गेले होते, जगातला श्रीमंतातला श्रीमंत माणूस, यांना वाटलं आता काही लाख डॉलर मिळतील, दवाखाने काढू, पगारी प्रचारक ठेवू. पन्नास हजारांची शिफारस झाली होती, रॉकफेलरनं पाच हजार दिले आणि म्हटलं की जास्त पैशानं हे काम बिघडेल. तेव्हा यांची तोंडं पडली असतील. पण १९४८ मध्ये एक बाई मृत्युपत्रात ए.ए.च्या नावे दहा हजार डॉलर ठेवून गेली, ऑफिसात तेव्हाही पैशाची ओढाताणच होती, तरी भरपूर वाद घालून शेवटी नाही म्हणून कळवलं. हा पैसा घेतला तर उद्या पुढचा येईल, आणि मग भांडणं दारूवर नाही, पैशावर होतील असा त्यांचा हिशोब.

काही जण मला म्हणतील की मग व्यसनमुक्ती केंद्रं देणग्या घेतातच की. घेतात आणि घ्यायलाच पाहिजेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये अवचट पती-पत्नींनी सुरू केलं ते पु.लं.च्या मदतीनंच उभं राहिलं. पण ते उपचाराचं केंद्र आहे, तिथं डॉक्टर लागतो, औषध लागतं, खाटा लागतात, पगार लागतात. आपल्या गटाला काय लागतं? खोलीचं भाडं, चहापत्ती, साखर, दूध, एक वही, थोडी पुस्तकं.

कापडी पिशवी फिरवा. कापडीच, कारण डब्यात चिल्लर टाकली की आवाज होतो आणि ज्यानं दोन रुपये टाकले त्याला लाज वाटते. हात आत गेला आणि बाहेर आला एवढंच दिसलं पाहिजे, रिकामा गेला तरी चालते. पाहुण्यासमोर पिशवी नेऊ नका. मिटिंग संपली की दोघांनी मिळून मोजायचं, तिथल्या तिथं वहीत लिहायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. एका महिन्याचं भाडं आणि चहा निघेल एवढं बाजूला ठेवून बाकीचं इंटरग्रुपला, म्हणजे आसपासच्या गटांच्या मिळून असलेल्या मंडळाला, आणि मुंबईच्या जनरल सर्व्हिस ऑफिसला पाठवायचं. फार शिल्लक ठेवू नका, शिल्लक वाढली की गटातल्या लोकांना नवीन नवीन कल्पना सुचतात. आणि जो माणूस रोज पव्व्यासाठी घरचे गहू विकत होता तो पिशवीत दहा रुपये टाकतो तेव्हा त्याचं तोंड एकदा पाहून घ्या, मग तुम्हालाच कळेल ५१ हजार का नको.

आता गुडघे. मंडपवाल्याकडं जुन्या, एक-दोन पट्ट्या तुटलेल्या खुर्च्या असतात, सीझन संपला की स्वस्तात देतो. आठ घ्या. ज्याचे गुडघे गेले तो खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. पुढाऱ्याला नमस्कार करून सांगा की साहेब, आमचा नियमच तसा आहे, सगळ्यांनाच नाही म्हणतो. त्यांचा मान राहतो.

"माझ्या मिस्टरांची दारू सुटून दीड वर्ष झालं. आता सोमवारी मिटिंग, बुधवारी दवाखान्यात पेशंटला भेटायला, शनिवारी दुसऱ्या गावचा ग्रुप, रविवारी इंटरग्रुप. घरी सोयाबीन सोंगायला मी आणि सासूबाई. आधी दारूमुळं घरी नव्हते, आता सेवेमुळं नाहीत. बोललं तर म्हणतात, तुले पुन्हा पिणारा नवरा पाहिजे का?" (दर्यापूर तालुका)

ताई, ते शेवटचं वाक्य म्हणजे धमकी आहे, आणि मी तुमच्या मिस्टरांच्याच बिरादरीतला असून सांगतो, आम्हा लोकांना ते वाक्य फार लवकर सापडते. त्याच्यापुढं कोणाचं काही चालत नाही ना.

गटात स्टेजवर माणूस हिरो असतो, लोक टाळ्या वाजवतात, घरी आलं की ओल्या सोयाबीनचा प्रश्न आहे, सोसायटीचं कर्ज आहे, पोरीनं वर्षभर न बोलता काढलंय ते आहे. कुठं थांबावंसं वाटेल सांगा. म्हणून आठवी आणि नववी पायरी आहे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि भरपाई करायची, आणि त्या यादीत पहिलं नाव बहुतेक बायकोचंच असतं. ती भरपाई दवाखान्यातल्या पेशंटकडं जाऊन होत नाही.

इथं चूक एकट्या मिस्टरांची नाही, गटाचीही आहे. जो हो म्हणतो त्याच्याच अंगावर सगळं टाकायचं ही आपल्याकडची जुनी सवय. एका माणसाकडं एका वेळी एकच सेवा, असं बऱ्याच गटांनी ठरवून घेतलंय. त्यांचे स्पॉन्सर, म्हणजे गटात त्यांना वाट दाखवणारा जुना मेंबर, कोण आहेत ते माहीत असेल तर त्यांना सरळ सांगा, त्यात नवऱ्याची चुगली होत नाही. दवाखान्यातल्या पेशंटला भेटायला तर दोघांनी मिळून जायचं असते, म्हणजे जोड्या लावून तीन-चार जणांत वाटून घेता येते. आणि सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत गटानं मिटिंगची वेळच बदलली तर कोणी विचारायला येत नाही, चौथ्या परंपरेप्रमाणं प्रत्येक गट आपल्या कारभारात मोकळा आहे. रात्री नऊला घ्या, पण घ्या.

तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन आहे, दारुड्यांच्या घरच्यांचा गट, १९५१ पासून आहे, बिल यांच्या पत्नी लोइस यांनीच पुढाकार घेतला होता कारण तिलाही हाच अनुभव आलेला. जवळ नसेल तर दोन-तीन बायका मिळून बसलात तरी सुरुवात होते. फक्त एक करा, गटाच्या वाढदिवसाला शंभर माणसांचा स्वयंपाक "ताई करतील" असं कोणी गृहीत धरलं तर करू नका. पुरुषांना गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासता येतो, मी घासलाय.

"गावातल्या बायायनी देशीचं दुकान बंद करायसाठी आडव्या बाटलीचं मतदान मागितलं हाय. त्या म्हणतेत तुमच्या ग्रुपनं ठराव द्या, बॅनर घिऊन मोर्च्यात या. नाही म्हटलं तं उद्या त्यायले तोंड कसं दाखवाव?" (वरोरा तालुका)

हा प्रश्न विदर्भातच यायचा. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, तुमच्या चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. इथं दारूबंदीवर मत नाही असा माणूस नाही, आणि दोन्ही बाजूनं बोलणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, दोघंही सोबर.

गट म्हणून ठराव नाही, बॅनर नाही. दहावी परंपरा सांगते की बाहेरच्या प्रश्नांवर ए.ए.चं मत नसते. हे पळपुटेपणा वाटेल, पण याच्यामागं एक घडलेली गोष्ट आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला सहा पिणारे एका दारूच्या दुकानातच बसून दारू सोडायची शपथ घेतात, वॉशिंग्टोनियन म्हणून त्यांची चळवळ होते, आपले अनुभव सांगायचे, दुसऱ्याला हात द्यायचा, अगदी आपल्यासारखंच. थोड्याच वर्षांत ती लाखांवर गेली. मग त्यात राजकारणी शिरले, दारूबंदीवाले शिरले, गुलामगिरीवरून वाद शिरले, आणि दहा वर्षं व्हायच्या आत सगळं विखुरलं. पिणारा माणूस बाजूलाच राहिला. पुढं ए.ए.वाल्यांनी परंपरा लिहिल्या तेव्हा हे त्यांच्या डोळ्यासमोर होतं.

तुमच्या गावाचाच विचार करा. त्या देशीच्या दुकानात काउंटरवर बसणारा पोरगा रात्री स्वतः पितो, त्याला सोडायची आहे, तो उद्या तुमच्या दाराशी येईल. तुमचं बॅनर त्यानं मोर्च्यात पाहिलं असेल तर येईल का?

पण तुम्ही गावचे रहिवासी म्हणून, बाप म्हणून, नवरा म्हणून मोर्च्यात जायला कोणाची मनाई आहे? जा ना. मतदान तर बायांचंच आहे, तुमच्या घरच्यांना त्या दिवशी मजुरीवर न पाठवता मतदानाला पाठवा, ठरावापेक्षा ते कामाचं आहे. आणि मोर्चावाल्या बायांना सांगा की दुकान बंद होवो न होवो, ज्याच्या घरचा माणूस सोडायला तयार असेल त्याला अमुक वारी अमुक वेळेला आमच्याकडं आणून सोडा.

"मला महिनाच झाला पण मलाही सेवा करायची आहे, सेक्रेटरी म्हणतात थांब." (मेहकर तालुका)

थांब कशाला. चहा कर, सतरंजी झटक, कप विसळ, दाराशी उभा राहून आलेल्याला "या भाऊ" म्हण. खजिनदारी आणि जीएसआर मात्र वर्ष-दोन वर्षं सोबर झाल्याशिवाय मागू नकोस, तुझ्या इमानदारीवर शंका नाही, पण खिशात गटाचे सातशे रुपये आणि घरच्या रस्त्यावर दुकान हा पेपर इतक्या लवकर देऊ नये.

"आमची मिटिंग गुरुवारी असते. गुरुवारी इथं बाजार, समाजमंदिराबाहेर लय गोंगाट, म्हणून शनिवारी करू म्हटलं. मतदान झालं, ९ विरुद्ध ७. शनिवार ठरला. आता ते सात येतच नाहीत. लोकशाहीनं झालं तरी असं काऊन?" (तुमसर तालुका)

कारण नऊ-सात म्हणजे ठराव नाही, गट मधून चिरला. ग्रामपंचायतीत चालून जाते, तिथं हरलेला पाच वर्षं विरोधात बसतो, त्याचं काही बिघडत नाही. आपल्याकडं हरलेला घरी जाऊन बाटली उघडू शकतो.

ग्रुप कॉन्शन्स, गटानं मिळून घ्यायचा निर्णय, म्हणजे नुसती हात वर करायची मोजणी नाही. आधी सगळ्यांनी बोलायचं, घाई नाही करायची, आणि मोठ्या गोष्टीला निदान दोन तृतीयांश तरी एका बाजूला पाहिजेत, नाहीतर विषय पुढच्या महिन्यावर टाकायचा. मतदान झाल्यावर हरलेल्या बाजूला पुन्हा बोलायची संधी द्यायची, आणि ते ऐकून जिंकलेल्यांपैकी एखाद्याचं मन बदललं तर पुन्हा विचार करायचा, ही पद्धत बिल यांच्या बारा संकल्पनांत आहे, १९६२ मध्ये परिषदेनं त्या मान्य केल्या. आता एक सांगा, त्या सात जणांना कोणी विचारलं का की गुरुवारच का पाहिजे?

मी इथं बसून अंदाज करतो. बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी हातात पडते. बाजारात मित्र भेटतात. त्या संध्याकाळी मजुराला बसायला दुसरी जागा पाहिजे असते, म्हणून त्यांना गुरुवार पाहिजे, गोंगाट असो नाही तर बँड वाजो. शनिवार पाहिजे म्हणणारे नोकरीवाले किंवा पक्क्या दुकानवाले असतील, त्यांना गोंगाटाचा त्रास होतो. माझा अंदाज चुकूही शकतो, पण जाऊन विचारा, सातांच्या घरी जाऊन. आणि मग नऊ जणांपैकी कोणीतरी विषय परत काढा. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मुद्दाम दुपारपासून रात्रीपर्यंत मिटिंग ठेवतात, गोंगाट त्या दिवशी काय कमी असतो? तरी वर्षातली सगळ्यात भरलेली मिटिंग तीच.

माणूस निवडायचा असेल आणि दोन तृतीयांश होतच नसेल तर ए.ए.मध्ये शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकून उचलतात. हरलेला म्हणतो नशिबानं हरलो, कोणी पाडलं नाही. गावातल्या निवडणुकीला हे लावता आलं असतं तर किती डोकी फुटायची वाचली असती.

"वर्ष पूर्ण झालं म्हणून केक कापला, एकानं फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. गावात तर सगळ्यांना माहीतच आहे, मग काय बिघडलं?" (अचलपूर तालुका)

तुमचं माहीत आहे. मागच्या रांगेत जो पहिल्यांदाच आलेला बसला होता त्याचं माहीत होतं का? त्याच्या पोरीचं लग्न जुळून राहिलं असेल. आपलं आपण कोणालाही सांगावं, दुसऱ्याचं आपण सांगायचं नाही. फोटो डिलीट करा, त्या माणसाला जाऊन भेटा, आणि पुढच्या वेळी केक कापताना मोबाईल खिशात. सेक्रेटरीनं सुरुवातीलाच बोलून टाकायचं, रोज बोलायचं, कंटाळा आला तरी.

"आमच्याकडं ग्रुपच नाही, जवळचा साठ-सत्तर किलोमीटर. मला सोडायची आहे. एकटा माणूस ग्रुप काढू शकते का?" (कुरखेडा तालुका)

काढू शकते, पण त्याच्या आधीचं एक. रोज आणि भरपूर पीत असाल तर एकदम झटक्यात घरी बसून बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, नसलेलं दिसणं असं होऊ शकते आणि त्यात जीवही जातो. आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला खरं खरं सांगा, किती आणि केव्हापासून, मोहाची की देशी की दोन्ही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, टेली-मानसची १४४१६, दोन्ही फुकट. शरीर सावरलं की गटाचं.

दोन दारुडे सोबर राहायला म्हणून एकत्र बसले तर तो गट होतो, असंच धरतात. म्हणजे तुम्हाला एकच माणूस शोधायचा आहे, आणि तुमच्या गावात तो कोण आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तोपर्यंत मोबाईलवरच्या मिटिंगला बसा, रेंज जिथं येते तिथं जाऊन, आणि महिन्यातून एकदा तरी त्या साठ किलोमीटरवाल्या गटात जा, त्यांना सांगा की आमच्याकडं दोघंजण येऊन चार-पाच आठवडे बसा. बसतात, हे मी खात्रीनं सांगतो, नवीन गट उभा करायला लोक स्वतःच्या पेट्रोलनं जातात. जागा शाळेची मिळते का पाहा, ग्रामपंचायतीची घेतली तर भाडं द्या, पन्नास रुपये का होईना, पण द्या आणि पावती घ्या. वार आणि वेळ ठरली की बदलू नका. मुक्कामी गाडी किती वाजता येते ते पाहून वेळ ठरवा. फळ्यावर लिहायचं ते वार, वेळ, जागा आणि एक फोन नंबर, बस.

जागा संपली. खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडायच्या गटाबद्दल जी पत्रं आलीत, त्यातली तीन तर खर्रा खाता खाता लिहिल्याचं कबूल केलंय, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. पत्र पाठवताना तालुका लिहा, नाव लिहू नका.